शॉकने किडनी जळते म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नातेवाइकांच्या ग्रुपवर पुन्हा तो मेसेज फिरतोय: "मुतखड्यावर शॉक घेऊ नका. विजेच्या झटक्यांनी किडनी जळते, मधुमेह जडतो, खडा परत होतोच. त्यापेक्षा बिअर प्या." माझ्या आईने हे उपचार घेतलेत, म्हणून गप्प बसवत नाही.

वीज अंगात शिरतच नाही. शॉक म्हणजे दाबाच्या लहरी, पाण्याच्या उशीतून आणि जेलमधून नेमक्या खड्यावर एकवटून तो फोडणाऱ्या. १९८० साली म्युनिकमध्ये माणसावर पहिल्यांदा वापरल्या. आई टेबलावर पडून होती, मशीनची टकटक चालू होती. घरी आल्यावर लघवी लालसर झाली आणि दुसऱ्या दिवशी गाळणीत बाजरीएवढे करडे कण सापडले. तिने ते डबीत जपून डॉक्टरांना नेऊन दाखवले.

किडनीला इजा होतच नाही, असं मी म्हणणार नाही. भोवती रक्त साकळू शकतं, पण त्रास होण्याइतकं शंभरात एखाद्यालाही क्वचितच. म्हणूनच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, वाढलेलं बीपी, लघवीतला जंतुसंसर्ग आधीच सांगावा लागतो. गरोदरपणात हे उपचार करतच नाहीत. कमी जोराने सुरुवात करून झटके सावकाश दिले की इजा आणखी कमी होते.

मधुमेहाची भीती अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या २००६ च्या अभ्यासातून आली. त्यातले रुग्ण १९८५ साली, पहिल्या पिढीच्या मशीनवर उपचार घेतलेले होते. पुढे तिथल्याच संशोधकांनी एका अख्ख्या काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) नोंदी तपासल्या, तेव्हा तसा संबंध आढळला नाही.

खडा परत होऊ शकतो, हे खरं. पण तो शरीराच्या प्रवृत्तीमुळे. दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायचं, ते आयुष्यभर.

मेसेजमध्ये नसलेली खरी अडचण वेगळीच आहे. दोन सेंटिमीटरहून मोठा, फार टणक किंवा किडनीच्या तळाशी बसलेला खडा शॉकने नीट निघत नाही. तिथे दुर्बिणीने खडा काढणं बरं. कधी तुकडे मूत्रनलिकेत एकामागे एक अडकतात, म्हणून ठरलेल्या दिवशी सोनोग्राफी किंवा एक्स-रे चुकवायचा नाही.

आणि बिअर? नळी तुंबलेली असताना जास्त लघवी म्हणजे मागे जास्त दाब, जास्त कळा. त्यात थंडी वाजून ताप आला, तर तुंबलेल्या लघवीत पू होत असू शकतो. अशा वेळी सकाळची वाट न बघता रात्रीच दवाखाना गाठायचा.