‘मिनी’ म्हणजे स्वस्तातलं ‘फुल’ नव्हे

आपल्या बचत गटाच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरून राहिला आहे: "टमी टक कोणतंही करा, पोट सारखंच सपाट होते. मिनी स्वस्त, वजनही उतरते." हे चूक आहे. टमी टक म्हणजे पोटाची लोंबती कातडी काढायचं ऑपरेशन; मिनी आणि फुल हे त्याचे प्रकार.

मिनीत मुख्यतः बेंबीखालची कातडी काढतात. बेंबी जागची हलत नाही. दोन-तीन बाळंतपणांनंतर बेंबीच्या वरही कातडी लोंबत असेल, पोटाचे उभे स्नायू फाकले असतील, तर बहुधा फुल लागतं: कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत चीर, स्नायूंना टाके, बेंबीसाठी नवं भोक. घरी उताणं झोपून डोकं उचला. पोटाच्या मधोमध उभा उंचवटा आला तर स्नायू फाकले असू शकतात. हर्निया तर नाही ना, तेही डॉक्टरांकडून बघून घ्या. खूप वजन उतरवलेल्यांची कातडी बाजूंनीही लोंबते, त्यांची चीर पाठीकडे जाते. लायपोसक्शन चरबी ओढतं, कातडी नाही.

वजन आधी उतरवायचं असतं, ऑपरेशनने नव्हे. पुढे मूल हवं असेल तर थांबा. आणि खर्रा (बायाही खातात, लाजून लपवू नका): तंबाखूने जखम नीट भरत नाही, काही आठवडे आधीच सोडावा लागतो.