काटकसरीचा बार

अमेरिकेतल्या मराठी माणसाने एखादी गोष्ट 'पैसे वाचतात' म्हणून सुरू केली, की घरच्यांनी मोठ्या खर्चाची तयारी ठेवावी. आमच्याकडे ब्रेडचं मशीन असंच आलं. केस कापायचं यंत्र असंच आलं, आणि त्यानंतर चिरंजीव बरेच दिवस जेवायलासुद्धा टोपी घालून बसत होते. हल्ली तळघरात बंदुकीची काडतुसं घरच्या घरी भरायचं यंत्र बसलं आहे.

दचकू नका. मी ओहायोत राहतो, इथे हा छंद आहे आणि तो कायदेशीर आहे. नुसत्या व्हिसावर होतो तेव्हा बंदुकीचा विचारही केला नव्हता, कारण त्या बाबतीत परदेशी माणसाला कडक बंधनं आहेत. ग्रीन कार्ड आलं आणि ऑफिसातला एक जण ट्रॅप शूटिंगच्या क्लबात घेऊन गेला. तिथे समोर अर्धवट जमिनीत पुरलेलं एक खोपट असतं. आपण 'पुल!' असं ओरडायचं, की त्यातून १०८ मिलिमीटर व्यासाची नारिंगी बशी सुसाट सुटते, आणि ती खाली पडायच्या आत आपण छर्‍यांनी फोडायची. बशीला म्हणतात 'क्ले', म्हणजे माती, पण असते डांबरासारखा चिकटा आणि चुनखडीची भुकटी यांची. एका फेरीत २५ बशा, म्हणजे २५ काडतुसं, म्हणजे एक खोकं. एका खोक्यावर समाधान मानून घरी गेलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

ओहायोत या खेळाचं वेड जुनं आहे. ग्रँड अमेरिकन ही सगळ्यांत मोठी स्पर्धा १९२४ पासून २००५ पर्यंत इथल्याच व्हँडेलिया गावी भरत असे. मग ती इलिनॉयमधल्या स्पार्टाला गेली. आमच्या क्लबातली म्हातारी मंडळी त्याबद्दल अजून अशा स्वरात बोलतात, की जणू घरातलं देवघर कोणीतरी भावकीतल्याने उचलून नेलं.

या मंडळींपैकीच एका आजोबांनी माझं वाटोळं केलं. मी फेरी संपवून रिकामी काडतुसं पिंपात टाकत होतो. लालचुटुक प्लास्टिकची नळी, बुडाला पितळी टोपण, एकदाच वापरलेली. आजोबांनी माझा हात धरला. म्हणाले, ही टाकू नकोस, परत भरता येतात. चांगली असतील तर पुष्कळदा.

ज्याच्या घरात श्रीखंडाचे रिकामे डबे विसर्जनाला काढायचीही कोणाची छाती होत नाही, त्याच्या कानात हे सांगायला नको होतं. त्या दिवसापासून मी वाकून चालायला लागलो. बंदूक दुनळी असेल तर ती उघडून रिकामी नळकांडी आपल्याच हातात घेता येतात. पण सेमी-ऑटोमॅटिकवाले बहाद्दर ती बाजूला गवतात भिरकावून देतात आणि ढुंकूनही बघत नाहीत. काही क्लबांत जमिनीवर पडलेलं काडतूस क्लबाचं, असा नियम असतो. आमच्याकडे नाही. लोक स्कोअर बघायला फळ्याकडे जातात, मी पिशवी घेऊन गवतात जातो. चांगल्या जातीचं, म्हणजे विंचेस्टरचं 'एए' मिळालं की जीव हरखतो, रेमिंग्टनचं हिरवं 'एसटीएस' मिळालं तर त्याहून जास्त. स्वस्तातलं दिसलं तरी उचलतोच, वेळेला असू द्यावं म्हणून.

मग एक्सेल उघडलं. रिकामं नळकांडं: फुकट. प्रायमर म्हणजे बार पेटवणारी बुडातली टिकली, पावडर म्हणजे बंदुकीची दारू, वॉड म्हणजे छर्रे धरणारी प्लास्टिकची वाटी, आणि छर्रे. छर्‍यांची पिशवी २५ पौंडांची, म्हणजे ४०० औंस. प्रत्येक काडतुसात एक औंस घातले तर ४०० काडतुसं. त्यावर फक्त एक अष्टमांश औंस वाढवला, की त्याच पिशवीत ३५५ होतात. एक अष्टमांशासाठी ४५ काडतुसांवर पाणी कोण सोडणार? मी तिथल्या तिथे एक औंसवाल्यांच्या पंथात सामील झालो. प्रत्येक काडतुसामागची बचत हिरव्या रंगाच्या चौकटीत आली. बायकोला लॅपटॉप दाखवला. तिने एकच विचारलं, "यात यंत्राची किंमत कुठेय?" मी म्हटलं, ती भांडवली गुंतवणूक. ती सीए आहे. पुढे बोलली नाही, नुसती बघत राहिली.

यंत्र विस्कॉन्सिनमधल्या मेविल गावच्या कंपनीचं. ते बसवायला टेबल लागलं, कारण आयकियाचं टेबल पहिल्याच दाबाला कण्हलं. मग पावडर मोजायचा काटा. काटा बरोबर आहे की नाही हे बघायला वजनं. पुस्तक. पुस्तक वाचायला टेबलावर दिवा. पावडर आणि प्रायमर ऑनलाइन मागवले की 'धोकादायक माल' म्हणून वेगळं शुल्क पडतं, आणि ते पडतं ऑर्डरमागे. एक डबा घेतला तरी तेवढंच, चार घेतले तरी तेवढंच. मग एक घेणं हा शुद्ध अपव्यय नव्हे काय? त्यात २०२० च्या साथीत प्रायमर बाजारातून असे गायब झाले होते, की मंडळी त्यांची नावं कुजबुजत घेत. म्हणून हजार नगांची पेटी. आणि अडीनडीला आणखी एक.

या छंदात 'अंदाजे' हा शब्द चालत नाही, हे पहिल्यांदा पुस्तक उघडल्यावर कळलं. पावडर बनवणार्‍या कंपन्या कृती छापतात. अमुक नळकांडं, तमुक प्रायमर, अमुक वॉड, तमुक पावडर इतके ग्रेन, छर्रे इतके. ग्रेन म्हणजे पौंडाचा सात हजारावा भाग. यातलं काहीही बदलायचं नाही. ही वॉड संपलीय, मग ती घाला, दोघी गुलाबीच तर आहेत, असं करायचं नाही, कारण आतला दाब बदलतो आणि दाबाला आपली अडचण समजत नाही. टेबलावर एका वेळी एकच पावडर ठेवायची, तीही मूळ डब्यातच. गप्पा नाहीत, टीव्ही नाही, विडीकाडी तर नाहीच. शिशाशी गाठ असल्याने खाणंपिणं बंद, आणि उठल्यावर हात कोपरापर्यंत घासून धुवायचे. इतकं सोवळं आमच्या घरात गौरींच्या नैवेद्यालाही पाळत नाहीत.

काम पाच टप्प्यांत होतं. पहिल्यात जुना प्रायमर निघतो आणि पितळी बूड आवळून मूळ मापाला येतं. दुसर्‍यात नवा प्रायमर बसतो. तिसर्‍यात पावडर, तिच्यावर वॉड, वॉडमध्ये छर्रे. चौथ्यात तोंडाला घड्या पडायला लागतात, पाचव्यात त्या बंद होतात. सांगायला सोपं. गोम तिसर्‍यात आहे. तिथे एक आडवी पट्टी असते. एकीकडे सरकवली की पावडर पडते, दुसरीकडे सरकवली की छर्रे. खाली नळकांडं आहे की नाही, याच्याशी पट्टीला कर्तव्य नाही.

साडेसात नंबरच्या मापाचे छर्रे एका औंसात साधारण ३५० असतात. तळघराच्या सिमेंटवर ते पडताना जो आवाज होतो, तो ऐकून वरून बायको, मुलगा आणि आई तिघंही जिन्यात आली. मुलाने तत्परतेने फ्रिजवरचं लोहचुंबक आणलं. शिसं चुंबकाला भीक घालत नाही, हे त्याला शाळेत शिकवलेलं नसावं. मग बाप-लेक गुडघ्यांवर. पावडर सांडली तर व्हॅक्यूम क्लीनर लावायचाच नाही, मोटरच्या ठिणगीने भलतंच होईल. ब्रश आणि सुपलीनेच ती गोळा करायची, हेही त्याच पुस्तकात आहे. छर्रे अजून सापडतात. बुटात, विजारीच्या दुमडीत, एकदा तर ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझ्या वहीतून टेबलावर घरंगळले आणि मॅनेजरपाशी जाऊन थांबले. मी गंभीर चेहर्‍याने पुढची स्लाइड म्हटलं.

आई तेव्हा सहा महिन्यांसाठी आली होती. बंदुकीचं तिला अप्रूप नाही. तिचं माहेर कुडाळकडचं, तिच्या वडिलांकडे शेती संरक्षणाच्या परवान्याची बंदूक होती. रानडुकरं यायची म्हणून. निवडणूक लागली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. डुकरांना आचारसंहिता लागू नसल्याने ती त्या काळात निवांत जेवून जात. 

"अरे, बाबांचा एक बार फुकट गेला तर दोन दिवस घरात बोलायची सोय नसायची," आई म्हणाली. "आणि तू हे बश्या फोडायला करतोस?"

"हो."

"फुटलेल्या बश्यांचं पुढे काय?"

"काही नाही."

"डुक्कर?"

"डुक्कर नाही गं."

तिने स्टूल ओढलं आणि बसली. चहाचा कप मी वर ठेवून यायला लावला होता, त्याचा राग होताच. मी शेवटचा टप्पा दाखवत होतो. काडतुसाचं तोंड बंद करताना प्लास्टिकच्या कडेच्या आठ कळ्या आत दुमडतात आणि मध्यभागी एका बिंदूत मिळतात. कारखान्यातून आलेलं काडतूस पाहिलंत तर ते चांदणीसारखं सपाट मिटलेलं असतं. माझ्या काडतुसांची तोंडं वाकडी, काहींना पीळ पडलेला, आणि बहुतेकांच्या मधोमध एक भोक. त्या भोकातून छर्रा डोळा घालत असे. सहा घड्यांचा साचा आठ घड्यांच्या नळकांड्याला लावला की हे होतंच. पण साचा बदलला तरी भोक काही जाईना.

आईने एक काडतूस चष्म्याजवळ धरलं. उलटं केलं. भोकावर नख फिरवलं.

"सारण जास्त झालंय," ती म्हणाली.

"अगं, हा मोदक नाही."

"मग कळ्या कशाला काढतोस? सारण वरपर्यंत भरलंस की तोंड मिटत नाही. जबरदस्तीने मिटवलंस तर फाटतं. आणि कमी भरलंस की टाळू आत बसते. ही बघ, ही बसलीय."

रात्री पुस्तकाचं ते प्रकरण काढलं. आतल्या मालाची उंची जास्त झाली तर तोंडाला भोक राहतं, कमी झाली तर तोंड खचतं. दोन पानं, चार आकृत्या. उपाय म्हणून माल काढायचा नाही, त्या नळकांड्यासाठी छापलेली बरोबर उंचीच्या वॉडची कृती शोधायची. ती शोधली. दुसर्‍या दिवशी आठही कळ्या मिटल्या. आईने पाहिलं आणि म्हणाली, "पारी अजून जाडच आहे."

मग क्लबात परीक्षा. पाच जणांची रांग, मी तिसरा. सगळ्यांचे बार खणखणीत. माझं पहिलं खोकं झकास गेलं, म्हणजे बार वाजले, बशा फुटल्या असं नाही. दुसर्‍या खोक्यात 'पुल' म्हटलं, चाप ओढला, आणि 'फुस्स'. छर्रे दहा पावलांवर मरगळून पडले. अख्ख्या रांगेने माना वळवल्या. कोणीतरी मागून प्रेमळपणे म्हणालं, "रीलोड्स!" या फुसक्या बाराला इकडे 'ब्लूपर' म्हणतात आणि त्यावर सगळे हसतात, पण लगेच सगळे थांबतातही. कारण अशा वेळी वॉड बंदुकीच्या नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यावर पुढचा बार काढला तर नळी फाटते. बंदूक उघडायची, रिकामी करायची आणि नळीतून पलीकडचा उजेड दिसेपर्यंत काही करायचं नाही. आजोबांनी न बोलता एक लांब काठी पुढे केली. ती ते कायम जवळ ठेवतात. मी आल्यापासून ठेवतात की आधीपासून, हे विचारलं नाही.

त्या दिवशी चहाच्या टेबलावर, म्हणजे इकडे कॉफीच्या, हिशेबाचा विषय निघाला. आजोबा म्हणाले, बारा बोअरमध्ये, म्हणजे आपल्या नेहमीच्या बंदुकीच्या मापात, काही वाचत नाही. दुकानातली स्वस्त खोकी आणि आपला खर्च जवळपास सारखाच, वर आपली मेहनत. शिवाय घरची आहेत म्हणून माणूस दुप्पट उडवतो. माझ्या एक्सेलमधली हिरवी चौकट डोळ्यांसमोर पिवळी पडली. म्हटलं, मग तुम्ही इतकी वर्षं का भरता? म्हणाले, बायको तळघरात येत नाही.

मग पुढे झुकून त्यांनी खरी गोष्ट सांगितली. बचत आहे ती २८ बोअरमध्ये. बारा बोअर म्हणजे नळीच्या व्यासाच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड भरतो. २८ बोअरमध्ये तोच पौंड भरायला २८ गोळ्या लागतात, इतकी नळी बारीक. काडतूस लहान, छर्रे कमी, आणि गिर्‍हाईक थोडं असल्याने दुकानात किंमत बारा बोअरपेक्षा जास्त. तिथे घरी भरलं तर प्रत्येक काडतुसाला खरोखर पैसे सुटतात.

घरी येऊन मी हे सगळ्यांना नीट समजावून सांगितलं. खरी बचत हवी असेल तर आधी २८ बोअरची बंदूक घ्यावी लागेल. तिची काडतुसं आपल्या यंत्राच्या साच्यात बसत नाहीत, तेव्हा साचे वेगळे. पण साचे सारखे बदलत बसण्यापेक्षा दुसरं यंत्रच घेतलेलं परवडतं. नळकांडी गवतात सहसा मिळत नाहीत, कारण २८ वाले आपली आपण उचलतात, म्हणून सुरुवातीला थोडी नवी भरलेली खोकी घ्यावी लागतील. एवढं एकदा झालं, की मग वाचलेलंच वाचलेलं.

बायकोने एकच प्रश्न विचारला, घसारा किती धरलास. आई मात्र बराच वेळ विचार करत होती.

"त्यापेक्षा," ती म्हणाली, "जिथे डुकरं आहेत तिथे घर बघ."