‘गुलाबजामबरोबर आंबट लागली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

तुमच्या तीन तक्रारी आहेत: ‘व्हँ द कॉन्स्टान्स’ ही दक्षिण आफ्रिकेची गोड वाइन गुलाबजामबरोबर आंबट आणि पाणचट लागली, ग्लासाच्या तळाशी साखरेचे खडे होते, आणि मेन्यूवरचा ‘300 वर्षांची अखंड परंपरा’ हा निव्वळ गाजावाजा आहे.

पहिली चूक आमचीच. सोबतचा पदार्थ वाइनपेक्षा गोड असला की तिची गोडी जिभेला जाणवतच नाही, आंबटपणा तेवढा उरतो. पाकात मुरलेल्या गुलाबजामपुढे बहुतेक गोड वाइन हरतात. ती जोडी मेन्यूतून काढली आहे. आता ब्लू चीज किंवा खारे भाजके बदाम देतो.

खडे मात्र साखरेचे नव्हते. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल आणि पोटॅशियम मिळून ते स्फटिक होतात, बाटली बरेच दिवस फ्रिजमध्ये राहिली की तळाशी बसतात. साखर जिभेवर विरघळते, हे दाताखाली कचकचतात. अपाय काही नाही. पण शेवटची बोटभर वाइन बाटलीतच राहू द्यायची असते, तेवढं वाढताना चुकलं.

वरून साखर किंवा ब्रँडी या वाइनमध्ये घालत नाहीत. आपल्याकडे तासगावला द्राक्षं तोडून शेडमध्ये बेदाणा करतात. केप टाउनजवळच्या क्लाइन कॉन्स्टॅन्शियाच्या मळ्यात मस्कॅट जातीच्या द्राक्षांचे घड वेलीवरच सुकू देतात आणि अनेक फेऱ्यांत तोडतात. काही घड आधीच उतरवतात, कारण नुसत्या बेदाण्यांची वाइन काकवीसारखी होईल. अल्कोहोल 14 टक्क्यांच्या आसपास गेलं की साखरेचं अल्कोहोल करणारं यीस्ट थकतं आणि लिटरमागे साधारण 160 ग्रॅम साखर शिल्लक राहते. तुमच्या 60 मिलीच्या ग्लासात, म्हणजे, जेमतेम 10 ग्रॅम.

‘अखंड’ या शब्दावर तुमचा आक्षेप रास्त आहे. हा मळा ज्या मूळ कॉन्स्टॅन्शिया मळ्याचा भाग होता, त्याची सुरुवात 1685 ची, केपचा डच प्रशासक सायमन व्हान डर स्टेलची. सेंट हेलेना बेटावर कैदेत असलेला नेपोलियन इथलीच वाइन पीत असे. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आधी भुरी हा बुरशीचा रोग, मग मुळं खाणारी फायलोक्सेरा कीड आली आणि ती गोड वाइन बंद पडली. आजच्या वाइनचं पहिलं वर्ष 1986. मेन्यूवर आता तसंच छापतोय.

पुन्हा आलात तर 10 ते 12 अंशांवर मागा, त्याहून गार असली तर सुगंध दबतो. बाटलीच्या गळ्यावर उघडल्याची तारीख लिहिलेली असते, तीही बघून घ्या.