दर्यावरचा बुफे

क्रूझहून परतलेल्या माणसाला समुद्र कसा होता, असं कुणी विचारत नाही. आमच्या सोसायटीत तरी पहिला प्रश्न एकच: "जेवणाचं काय?" मी "चांगलं होतं" म्हणून मोकळा होतो. खरं उत्तर द्यायला लागलो तर लिफ्ट चौथ्या मजल्यापर्यंतही पुरायची नाही.

खरं उत्तर असं, की क्रूझवरचं जेवण वाईट नसतं. वाईट असतं तर बरं झालं असतं, माणूस दोन घास खाऊन उठला असता. ते चांगलंही नसतं. ते फक्त असतं. सकाळी सहाला असतं, रात्री बाराला असतं, मधल्या वेळातही असतं, आणि त्याचे पैसे आपण घरून निघायच्या आधीच भरलेले असतात. माणसाची खरी परीक्षा या शेवटच्या गोष्टीनं होते.

आम्ही पश्चिम भूमध्य समुद्रात गेलो होतो. बार्सिलोना, मार्से, जेनोआ, रोमसाठी चिव्हिताव्हेक्क्या, मग नेपल्स. मंडळी म्हणजे मी, बायको, सासूबाई, बायकोचे थोरले भाऊ दादा आणि आमच्या वहिनी. दादा सहकारी बँकेतून निवृत्त झालेत. विमानात इतर लोक सिनेमा बघत होते तेव्हा दादांनी तिकिटाच्या रकमेतून केबिन, मनोरंजन आणि बंदरकर वजा करून उरलेल्या आकड्याला जेवणांनी भागलं. नाश्त्याचे इतके रुपये, दुपारच्या जेवणाचे तितके, संध्याकाळच्या केकचे अमुक. हा हिशेब त्यांनी आम्हाला वाचून दाखवला, आणि त्या क्षणापासून आमची सहल संपून वसुली सुरू झाली.

बुफे जहाजाच्या वरच्या मजल्यावर, पोहण्याच्या तलावाला लागून. दारात एक हसरी मुलगी फवाऱ्याची बाटली घेऊन उभी. येईल त्याच्या हातावर ती जंतुनाशक मारते आणि गाणंही म्हणते. एवढी माणसं एका बोटीत कोंडली की पोटाच्या साथी पटकन पसरतात, म्हणून हा बंदोबस्त. त्यातला नोरोव्हायरस नावाचा मुख्य गुन्हेगार अशा फवाऱ्याला फारशी दाद देत नाही, त्याला साबण आणि वाहतं पाणीच लागतं. म्हणून शेजारी बेसिनंही ठेवलेली होती. सासूबाई तिथे कोपरापर्यंत हात धुवायच्या. ते पाहून त्या मुलीनं गाणं थांबवून त्यांना वाकून नमस्कार केला.

आत गेलं की डोळे दिपतात. पावाचे वीस प्रकार, चीजची भिंत, कलिंगडात कोरलेला मोर. पहिल्या दिवशी आम्ही सगळं घेतलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की लाल रस्सा, पांढरा रस्सा आणि पिवळा रस्सा हे एकाच आईचे तीन मुलगे आहेत, कपडे तेवढे वेगळे. यात स्वयंपाक्यांचा दोष नाही. पाच-सहा हजार माणसं जेवायची, त्यांत जर्मन आजोबा, स्पॅनिश पोरं, जपानी जोडपी आणि आम्ही. यातल्या कुणाच्याही जिभेला झोंबेल, नाकात जाईल किंवा धर्माला बाधेल असं काही करायचं नाही म्हटल्यावर मिठाखेरीज हातात उरतं काय? आणि मीठही डॉक्टरांना विचारून. "व्हेजिटेबल करी, मद्रास" अशी पाटी लावलेला एक ट्रे होता. त्यात गाजर, फ्लॉवर आणि हळद होती. मद्रास मला कुठे दिसलं नाही.

सासूबाई मूळच्या मालवणच्या. लग्नाआधी भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं गावी जायच्या, फडक्यात बांधलेली भाकरी आणि सुका बांगडा घेऊन. त्यामुळे बोट त्यांना नवी नव्हती आणि लागलीही नाही. त्यांचं दुःख वेगळं होतं. चोहीकडे समुद्र, खाली समुद्र, आणि ताटात आलेला मासा पांढरा, चौकोनी, काटा नसलेला. त्यांनी वेटरला विचारायला लावलं. उत्तर आलं की जहाजाचं बहुतेक सामान मोठ्या बंदरात एकदाच भरतात, लॉरीतून आलेला गोठवलेला मासाही त्यातच. "दर्यार बसान बर्फातलो मासो खाऊचो?" असं म्हणून त्यांनी ताट सरकवलं आणि बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या. समुद्राला काहीतरी ऐकवत असाव्यात.

चहाचं तर विचारूच नका. नळ दाबला की कोमट पाणी येतं, त्यात पिशवी बुडवायची आणि अंगठ्याएवढ्या डबीतलं दूध घालायचं. वहिनींनी घरून पाणी तापवायची कॉइल आणली होती, आलं-वेलचीची पूडही. जहाजावर चढतानाच सामान तपासणाऱ्यानं कॉइल बाजूला काढली आणि पावती हातात दिली. केबिनमध्ये कॉइल नको, इस्त्री नको, किटली नको. समुद्रात जहाजाला आगीइतकी भीती कशाचीच नाही. पळून जायला जागा नसते. पूड मात्र परत मिळाली. ती वहिनी पुढे रोज कोमट पाण्यात घालून प्यायच्या आणि "तसं बरं आहे" म्हणायच्या, ज्या सुरात डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात.

याच आगीच्या धाकापायी जहाजाच्या मुदपाकखान्यात गॅसची ज्योत नसते. सगळं विजेवर. म्हणजे फुलका फुगवायला जाळ नाही, वांगं भाजायला निखारा नाही, पापड भाजायचा प्रश्नच नाही. "इंडियन ब्रेड" म्हणून जे मिळालं ते दोन्ही बाजूंनी सारखंच गोरं होतं. तेव्हा मी ते मनावर घेतलं नाही. नेपल्सला घेतलं. ते पुढे येईलच.

आपल्या पंगतीत कसं असतं, वाढपी आग्रह करतो आणि आपण पानावर आडवा हात धरतो. तो म्हणतो एकच, आपण म्हणतो अर्धी. या झटापटीत पोट सुरक्षित राहतं. बुफेत आग्रह करणाराही मीच आणि हात आडवा धरणाराही मीच. दोघांची कुस्ती झाली की आग्रह करणारा जिंकायचा, कारण त्याच्या मागे दादा उभे असायचे. "नुसतं सॅलड? अहो, सॅलडमध्ये काय वसूल होणार? तिकडे कोळंबी आहे." दादांना कोळंबीची ॲलर्जी आहे. म्हणून त्यांच्या वाटणीची कोळंबी वसूल करायची जबाबदारी जावई या नात्यानं माझ्यावर आली.

तिसऱ्या मजल्यावर मोठं जेवणघरही होतं. पांढऱ्या चादरी, चार प्रकारचे काटे, ठरलेलं टेबल, ठरलेली वेळ. आमच्या वाट्याला संध्याकाळी साडेसहाची पंगत आली होती. साडेसहाला आमच्याकडे देवापुढे दिवा लागतो आणि कुणी आलं तर पोहे टाकायचे की नाही यावर विचार चालतो. तिथे त्या वेळी सूप. रात्री नऊला पोट नेहमीच्या सवयीनं जागं व्हायचं आणि आम्ही रांगेनं पुन्हा वर बुफेकडे चालू लागायचो. दादा पुढे.

एका रात्री सगळ्यांनी नटून यायचं असतं. दादांनी लग्नातला सूट आणला होता. दर घासाला त्याचं एकेक बटण चिंतेत पडत होतं. त्या रात्री दिवे मंद झाले, वेटर मंडळी डोक्यावर थाळ्या घेऊन नाचत आली, सगळे आपापले रुमाल गरगर फिरवायला लागले. थाळीत बेक्ड अलास्का, म्हणजे आइस्क्रीमभोवती अंड्याच्या पांढऱ्याची फेसाळ गोधडी. सासूबाईंनीही रुमाल फिरवला. मग हळूच विचारलं, "कोणाचं लग्न आहे?"

जहाजावर पैसे आकारणारी वेगळी हॉटेलंही होती. एक जपानी, एक स्टेकचं. त्यांच्या दारावरून जाताना खमंग वास यायचा आणि दादा चालण्याचा वेग वाढवायचे. ही युक्ती आजची नाही. १९१२ साली टायटॅनिकवरही पहिल्या वर्गाच्या उतारूंसाठी नेहमीच्या जेवणघराखेरीज एक रेस्टॉरंट होतं आणि तिथे जेवलं की बिल वेगळं. एवढं महाग तिकीट काढूनही लोक वरून पैसे देऊन तिथे बसायचे. दादांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "आणि बघा काय झालं."

आता नेपल्स. जहाज थेट शहराच्या उंबऱ्याशी लागतं. उतरलं की समोर जुना किल्ला, आणि तिथून चालत गेलं की पिझ्झ्याचं माहेर. तिथल्या पिझ्झा भाजणाऱ्यांची कला युनेस्कोनं २०१७ मध्ये मानवजातीचा वारसा म्हणून नोंदवली आहे. लाकडाची भट्टी चारशे अंशांच्या खूप वर तापवतात आणि पिझ्झा फार तर दीड मिनिट आत ठेवतात. कडा फुगते, जागोजागी करपते, मधला भाग मऊ राहतो. हे मी दादांना किल्ल्यापासूनच सांगत होतो. साडेबारा वाजले होते. गल्लीतून जळत्या लाकडाचा, टोमॅटोचा आणि तुळशीच्या त्या परदेशी चुलतबहिणीचा वास येत होता.

दादांनी घड्याळ बघितलं. "चला, बोटीवर जेवण सुरू झालं असेल."

"दादा, इथे पिझ्झा खाऊ ना!"

"वर पिझ्झा आहे की. पैसे भरलेत."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मार्सेला मासळीचं प्रसिद्ध सूप असंच पाटीवर वाचून आम्ही दुपारच्या जेवणाला बोटीवर परतलो होतो. जेनोआला, जिथे पेस्टो जन्मलं तिथे, दादांनी सगळ्यांना बाकावर बसवून नाश्त्याच्या बुफेतून रुमालात बांधून आणलेली केळी वाटली होती. बोटीवरचं खाणं किनाऱ्यावर नेऊ नये अशी सूचना उतरण्याच्या दारात चार भाषांत लावली होती. दादांचं म्हणणं, मराठीत कुठे आहे?

नेपल्सला मात्र बायको माझ्या मदतीला आली. तिला एकाएकी डोकेदुखीची गोळी हवी झाली. मंडळींना पुढे पाठवून आम्ही दोघं औषधाचं दुकान शोधायला म्हणून त्या गल्लीत शिरलो. तिथे पिझ्झा चार घड्या घालून, कागदात गुंडाळून, उभ्या उभ्या खायला देतात. दोन-अडीच युरो. मी पहिला घास घेतला. कडेला करपल्याची चव होती. तेव्हा कळलं की इतके दिवस जिभेला काय सापडत नव्हतं. मला जाळ हवा होता. बायको काही बोलली नाही, तिनं फक्त माझ्या हातातला उरलेला तुकडा काढून घेतला.

मग आम्ही धावत बोटीवर गेलो. दादांनी आमच्यासाठी जागा धरून ठेवली होती, आणि ताटंही वाढून ठेवली होती. माझ्या ताटात तीन पिझ्झे होते. "नेपल्स नेपल्स करत होतात ना, म्हणून मुद्दाम." मी तिन्ही खाल्ले. त्यांची कड कुठेच करपलेली नव्हती. दादांनी विचारलं, "डोकं थांबलं?" बायको म्हणाली, "हो, आता ह्यांचं पोट दुखतंय."

आता आमच्या टेबलाच्या वेटरबद्दल. पोरगा गोव्याचा, कुडचड्याचा. गोव्यात घरटी नाही तरी वाड्यात एक माणूस जहाजावर असतोच. पहिल्या रात्रीच त्यानं दादांना "पात्राव, कितें जाय?" म्हणजे "मालक, काय हवं?" असं विचारलं आणि दादा एकदम खुर्चीत ताठ झाले. सासूबाईंची आणि त्याची मालवणी-कोंकणीत लगेच जमली. नेपल्सच्या रात्री समोर सामन मासा आला, नॉर्वेचा, गुलाबी, वर बडीशेपेच्या पाल्याची एक काडी. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"तू काय जेवलस रे झिला?"

पोरगा जरा लाजला. इकडे तिकडे बघून म्हणाला, "आमकां सकयल शीत-कडी आसता, मावशे."

सासूबाईंचा हात टेबलावर थबकला. खाली, पाण्याच्या पातळीजवळ, जिथे उतारूंना जायला बंदी असते तिथे हजार-दीड हजार खलाशी, आचारी, झाडूवाले जेवतात. फिलिपिनो, इंडोनेशियन, गोवेकर, सगळी भातवाली माणसं. त्यांच्यासाठी रोज डेगभर भात शिजतो आणि सोबत तिखट, आंबट, माणसांनी खायचं कालवण. म्हणजे इतके दिवस आम्ही अख्ख्या जहाजाची शिडी वर चढत होतो आणि जेवण तळाशी होतं.

"माका थंय व्हरशीत?"

"नोकरी वतली, मावशे."

तो गेला आणि बऱ्याच वेळानं कॉफीच्या बशीखाली काहीतरी लपवून परत आला. कॉफी कुणी मागितली नव्हती. बशीखाली छोटी वाटी होती. वाटीत त्याच्या आईनं घरून दिलेलं तोरांचं, म्हणजे कैऱ्यांचं, लोणचं, काळसर लाल, तेलात बुडालेलं. सासूबाईंनी साधा भात मागवला, त्यात लोणचं कालवलं, आणि बार्सिलोना सोडल्यापासून पहिल्यांदाच त्या हातानं जेवल्या. शेजारच्या टेबलावरचे जर्मन आजोबा काटा खाली ठेवून बघत राहिले. मग वाटी वहिनींकडे गेली, बायकोकडे, माझ्याकडे. डोळ्यांत पाणी आलं ते तिखटाचंच होतं. निदान माझ्या.

शेवटी वाटी दादांपुढे आली. त्यांनी बोट लावून चाटलं, डोळे मिटले, पुन्हा चाटलं. मग एकदम सावध होऊन वेटरकडे झुकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बाबा रे, हे पॅकेजमध्ये आहे ना?"