जॅझ बास पिकअप किट: तुमच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार. जॅझ बास या बास गिटारचे पिकअप, म्हणजे स्ट्रिंगचा आवाज पकडणारे मॅग्नेट आणि तारेचं वेटोळं, घरी बनवायचं आमचं किट तुम्ही घेतलंत. वाइंडिंग करताना, म्हणजे बॉबिनवर (पिकअपच्या सांगाड्यावर) तार गुंडाळताना, ती दोनदा तुटली, मीटरवर रेझिस्टन्स ७.५ ऐवजी ७.२ किलोओहम आला, आणि दोन्ही पिकअप एकत्र लावले की आवाज पातळ होऊन हम (विजेची घरघर) वाढतो. म्हणून माल डुप्लिकेट आहे, पैसे परत द्या, असं तुम्ही लिहिलंय. वापरलेल्या किटचे पैसे परत मिळत नाहीत, हे ऑर्डर करतानाच लिहिलेलं असतं. पण तुमचे पिकअप बाद झालेले नाहीत.

खरी गोम शेवटच्या तक्रारीत आहे. जॅझ बास १९६० साली आला, त्याचे मूळ पिकअप सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचे. एकटा वाजवला तर हम येणारच, त्याला इलाज नाही. दोन्हींचे व्हॉल्यूम फुल केले की मात्र तो गेला पाहिजे. त्यासाठी एका पिकअपचे मॅग्नेटही उलटे लागतात आणि वाइंडिंगही उलट्या दिशेने. तुम्ही मॅग्नेट बरोबर उलटे बसवलेत, पण बॉबिन दोन्ही वेळा ड्रिलवर एकाच दिशेने फिरवलीत, असं लक्षणांवरून दिसतंय. मग स्ट्रिंगचे सिग्नल एकमेकांना खातात, खर्ज गायब होतो आणि हमची तेवढी बेरीज होते. पुन्हा वाइंडिंग करू नका! ब्रिज पिकअपच्या (स्ट्रिंग जिथे बॉडीवर टेकतात त्या बाजूच्या) दोन वायरींची अदलाबदल करा, बस. त्या पिकअपला कॉपर टेप लावून ती काळ्या वायरला जोडली असेल, तर आधी ती जोडणी सोडवा आणि टेप वेगळ्या वायरने ग्राउंड करा.

७.२ बद्दल: तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने बदलतो. आमचा ७.५ हा आकडा २५ अंशांचा आहे. १५ अंशांच्या थंडीत तोच पिकअप ७.२ दाखवतो. शिवाय नुसत्या किलोओहमवरून आवाज ठरवू नये, हे आमचं जुनं म्हणणं.

आता तार. ४२ गेजची तार म्हणजे जेमतेम ०.०६ मिलिमीटर. तुमच्या फोटोत रीळ खिळ्यावर आडवं लटकतंय. ड्रिल थांबलं तरी रीळ फिरत राहतं, तार सैल पडून अडकते आणि पुढच्या झटक्याला तुटते. रीळ जमिनीवर उभं ठेवा, ते फिरता कामा नये. तार वरच्या तोंडाने सुटू द्या आणि दोन बोटांत फेल्टचा तुकडा धरून तिला हलका ताण द्या.

अदलाबदल जमत नसेल तर शनिवारी बास घेऊन वर्कशॉपवर या. सोल्डरिंग आम्ही करून देऊ, त्याचे पैसे घेणार नाही.