ग्रुपवर टाकलं म्हणजे सांगितलं नाही!

"मी ग्रुपवर टाकलं होतं ना!"

एवढं एक वाक्य बोललं की आमच्याकडं माणूस मोकळा. माल भंगारात गेला, कस्टमरची गाडी अर्धी रिकामी परत गेली, एका पोराची रोजी गेली, आणि ज्याचं सांगायचं काम होतं तो केबिनमध्ये बसून मोबाईल पुढं करतो. बघा, रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी टाकलंय. डोकं फिरलंय माझं. चार दिवस झाले, घास गोड लागत नाही.

वाळूज एमआयडीसीत एका कंपनीत लाईन सुपरवायझर आहे मी. चौदा वर्षं झाली. टू-व्हीलरला लागणारे ब्रॅकेट आमच्याकडं प्रेस होऊन येतात. आम्ही ड्रिल मारतो, टॅप करतो म्हणजे भोकात आटे पाडतो, तपासतो, पाठवतो. मागच्या मंगळवारी कस्टमरनं ड्रॉइंग बदललं. रिव्हिजन, म्हणजे ड्रॉइंगची आवृत्ती, सीची डी झाली. बदल एकच, एका भोकाचं माप ८.५ मिलिमीटरवरून ८.२ वर आलं. ज्याला हे काम माहीत नाही त्याला वाटेल, पॉइंट तीनचा फरक, त्यात काय एवढं. अहो, भोक लहान राहिलं तर पुन्हा ड्रिल मारून मोठं करता येतं. मोठं झालेलं भोक लहान करणारा ड्रिल कुठल्याच टूल रूममध्ये मिळत नाही. तो नग मेला.

मेल आला दुपारी चारला. दुसरी शिफ्ट साडेतीनला सुरू झालेली, सगळे जागेवर. त्या वेळी मॅनेजर साहेबांच्या केबिनपासून ड्रिलच्या मशीनपर्यंत चालत यायला दोन मिनिटं लागली असती. नाही आले. नव्या ड्रॉइंगवर 'कंट्रोल्ड कॉपी' म्हणजे हीच चालू अधिकृत प्रत, असा शिक्का मारून तो कागद मशीनपाशी लावायला दहा मिनिटं. नाही लावला. घरी गेले, जेवले असतील, आणि ९ वाजून ४० मिनिटांनी त्यांना आठवण झाली. मग ८७ माणसांच्या ग्रुपवर ड्रॉइंगचा एक तिरपा फोटो आणि खाली एक ओळ: 'रिव्ह डी विथ इमिजिएट इफेक्ट, ऑल प्लीज नोट.' त्याच्या वर कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, खाली कुणाच्या मुलीचं दहावीचं अभिनंदन. अकरा जणांनी अंगठा दिला.

त्यातला एक अंगठा माझा होता. हे मी लपवणार नाही. मी घरी बजाजनगरात होतो, ताट समोर होतं, मेसेज दिसला, वाटलं दुसऱ्या शिफ्टचा सुपरवायझर बघेल. त्याला वाटलं तिसरीवाल्याला साहेब फोन करतील. तिसरीवाला त्या वेळी झोपलेला, कारण त्याला बाराला कामावर यायचं होतं. अकरा अंगठे, आणि मशीनपाशी जाऊन तोंडानं सांगणारा एकही नाही!

आता ज्याच्यासाठी हा मेसेज होता त्याचं ऐका. ड्रिलवर रात्री जो पोरगा होता तो गंगापूर तालुक्यातला, आयटीआय झालेला, ठेकेदाराकडून आलेला. रांजणगावात एका खोलीत चौघं राहतात. तो ग्रुपमध्येच नाही. ठेकेदाराची माणसं ग्रुपमध्ये घेत नाहीत, असा आमचा नियम. बरं, घेतला असता तरी काय? शॉप फ्लोअरवर मोबाईल बंदी आहे! गेटवर लॉकरमध्ये मोबाईल ठेवल्याशिवाय सिक्युरिटी कुणाला आत सोडत नाही. म्हणजे कंपनीच माणसाच्या हातातला मोबाईल काढून घेते, आणि कंपनीच त्याला मोबाईलवर निरोप देते. चौदा वर्षांत एवढी साधी गोष्ट कुणाच्या लक्षात येऊ नये?

सकाळी सातला मी आलो. क्रेट भरून लावलेले. पहिला नग हातात घेतला, ८.२ चा गो/नो-गो गेज घातला, नो-गोची बाजू, जी आत जायलाच नको, ती सरळ आत गेली. दुसरा नग, तसंच. दहा बघितले, वीस बघितले. ६४० नग. माझे पाय गळाले.

पोरगा हात पुसत उभा होता. म्हणाला, "मामा, मला कोनीच काही नाही सांगितलं. मी तर समोर लटकलेलं ड्रॉइंग बघूनच मारायलो ना." खरं होतं. समोर सी लटकलेलं होतं. पहिला नग त्यानं रीतसर तपासून घेतला होता, तपासणाऱ्याकडंही जुनंच ड्रॉइंग. त्यानं शंभर टक्के बरोबर काम केलं. आम्ही त्याला चुकीचा कागद दिला.

आणि सगळ्यात जास्त चीड कशाची आली सांगू? त्याला शंका आली होती. रात्री दोनच्या सुमाराला त्याला टूल ट्रॉलीत नवा ८.२ चा ड्रिल दिसला. स्टोअरवाल्यांनी संध्याकाळीच काढून ठेवला होता, म्हणजे त्यांनाही कळलं होतं! पोराच्या मनात आलं, हा कामून आणून ठेवला असंल? पण विचारायला गेला नाही. का? मागच्या महिन्यात त्यानं असंच मशीन थांबवून विचारलं होतं, तर अख्ख्या लाईनसमोर त्याला ऐकवलं होतं, "तुला डोकं चालवायचे पैसे देत नाही, काउंट दे." चाळीस माणसांसमोर. त्या दिवशी ज्यानं ते वाक्य उच्चारलं, त्यानंच हे ६४० नग भंगारात घातले. मंगळवारी फक्त त्याचं बिल आलं.

नऊच्या मीटिंगमध्ये मी हे सगळं बोललो. उत्तर काय आलं? "मी ग्रुपवर टाकलं होतं. अकरा जणांनी बघितलंय. तुम्हीसुद्धा." मग चूक कुणाची लिहायची? रिपोर्ट कस्टमरला जायचा होता. 'पाच वेळा का' विचारून मुळापर्यंत जायचं, असं ट्रेनिंगमध्ये शिकवतात. आमचं एकाच 'का'वर आटोपलं. ऑपरेटरचा निष्काळजीपणा. उपाय, ऑपरेटर बदलला. ठेकेदाराला फोन गेला, उद्यापासून त्याला पाठवू नका. झालं. पोराला काढलं. ज्याला निरोपच पोचला नाही त्याला निरोप न पाळल्याची शिक्षा!

आमच्या गेटवर आयएटीएफ १६९४९ चं, म्हणजे क्वालिटीच्या मानकाचं, सर्टिफिकेट फ्रेम करून लावलंय. वाहनांच्या सुट्या भागांच्या कंपन्यांना हेच लागतं. त्यात ऑपरेटरला द्यायच्या सूचनांबद्दल स्पष्ट लिहिलंय. सूचना काम करणाऱ्याला पोचलेली आणि समजलेली हवी, वाचता येईल अशी हवी, त्याला कळणाऱ्या भाषेत हवी, आणि कामाच्या जागेवर त्याच्या हाताशी हवी. 'समजलेली' हा शब्द आहे तिथं. 'टाकलेली' नाही! ऑडिटच्या आदल्या दिवशी हेच साहेब आमच्याकडून मशीन-मशीनवर कागद बदलून घेतात, प्लास्टिकच्या कव्हरात घालून घेतात. म्हणजे काय करायचं ते माहीत आहे. ऑडिटरसाठी करायचं, पोरासाठी करायचं नाही.

माझे मोठे मामा रेल्वेत गेटमन होते, पूर्णेच्या बाजूला. दहावी नापास माणूस. त्यांच्या गेटवर फोन असायचा आणि प्रायव्हेट नंबरचा छापील तक्ता. गाडी सोडायच्या आधी स्टेशन मास्तर फोन करायचा, गेट बंद करा. मामा गेट बंद करून कुलूप घालायचे, मग तक्त्यातला पुढचा आकडा मास्तरला सांगायचे. मास्तर तो आकडा आपल्या वहीत उतरवायचा, वेळ लिहायचा. मामा तो तक्त्यातून खोडायचे. तो आकडा हातात आल्याशिवाय मास्तर पुढचं पाऊल टाकायचा नाही. 'मी फोन केला होता' एवढ्यावर मास्तर सुटत नव्हता. पलीकडच्या माणसानं ऐकलं, केलं आणि उलट सांगितलं, तेव्हा तो निरोप पुरा. मोबाईल नव्हते तेव्हाची ही पद्धत, आणि आम्ही खिशात दोन-दोन फोन घेऊन हिंडतो.

सेफ्टी ट्रेनिंगला एकदा पायपर अल्फाची गोष्ट सांगितली होती. उत्तर समुद्रातला तेल आणि गॅसचा प्लॅटफॉर्म, ६ जुलै १९८८. दिवसपाळीनं एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढलेला. तसा कागद केलेला होता, पण रात्रपाळीतल्या माणसांना ते कुणी तोंडी सांगितलं नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, म्हणून यांनी तो पहिला चालू केला. १६७ माणसं गेली. ते ऐकताना आमचे साहेब पहिल्या रांगेत मान डोलवत बसले होते. मी स्वतः बघितलंय.

आमच्याकडं शिफ्ट बदलताना काय होतं? दुसरी शिफ्ट बाराला सुटते, तिसरी बाराला लागते. मधे एक मिनिट नाही. बस बारा दहाला सुटते. हात धुवायचे, लॉकरमधून मोबाईल घ्यायचा, पळायचं. बस चुकली तर रात्री रिक्षाला दीडशे-दोनशे घालायचे, बारा-पंधरा हजारावर राबणारा माणूस कुठून घालणार? मी तीन वर्षं मागतोय, दोन शिफ्टमध्ये पंधरा मिनिटं जोडून द्या, मशीनपाशी उभं राहून एकमेकांना सांगू द्या. दरवेळी एकच उत्तर, पंधरा मिनिटांचा ओव्हरटाइम कोण देणार? आता ६४० नगांचे पैसे कोणी दिले? प्रेसचे पैसे, स्टीलचे पैसे, अर्धवट गेलेल्या गाडीचे पैसे? हिशोब करून बघा की एकदा. मी केलाय, टेबलावर ठेवला, कुणी उचलून वाचलासुद्धा नाही.

आणि पुढारपण म्हणतात ते काय असतं, ते मला माझ्या आजीनं सांगितलेलं आठवतंय. आजी माउलींच्या पालखीत चालायची. मुक्कामाला समाज आरती होते. चोपदार दंड वर करतो आणि लाखांचा जमाव गप्प होतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल, ती दिंडी टाळ वाजवत राहते. मुद्दाम. मग चोपदार तिकडं जातो, तक्रार ऐकतो, ती मिटते, मग आरती. लाख माणसं थांबतात एका दिंडीसाठी. टाळ वाजवणाऱ्याला कुणी म्हणत नाही, तुला डोकं चालवायचे पैसे देत नाही. आमच्याकडं त्या पोराचा टाळ एकदा वाजला होता, तेव्हाच त्याचा आवाज बंद केला.

लीडरशिपचं ट्रेनिंग म्हणून या साहेब लोकांना मागच्या वर्षी दोन दिवस हॉटेलात नेलं होतं. टीमवर्कचे खेळ खेळवले, फोटो काढले. ते फोटोसुद्धा ग्रुपवरच आले. दोन दिवसांत एवढं तरी शिकवायला पाहिजे होतं की महत्त्वाचं बोलायचं असेल तर खुर्चीतून उठायचं, समोर जायचं, सांगायचं आणि विचारायचं, "काय कळलं, मला परत सांग." बास. ह्याला प्रोजेक्टर लागत नाही. आणि चुकलं तर चार जणांत म्हणायचं, माझ्याकडून राहिलं. मी त्या मीटिंगमध्ये म्हणलं, माझा अंगठा चुकला, मी खाली फोन करायला पाहिजे होता. सगळे माझ्याकडं असे बघायला लागले जसा मी गुन्हा कबूल केला. दुसरं कुणीही तोंड उघडलं नाही.

पोराला मी दोनदा फोन लावला. पहिल्यांदा उचलला नाही. काल उचलला. म्हणाला, "मामा, मी गावाकडं आलो. तुम्ही बोलले म्हनून ऐकलं मी, बाकी कोनी विचारलं बी नाही." ठेकेदारानं त्याचे नऊ दिवसांचे पैसे अडकवलेत, ते मी सोमवारी मागणार आहे, दिले नाहीत तर एचआरच्या दारात बसणार आहे.

आज शिफ्ट संपल्यावर ड्रिलपाशी गेलो. चार दिवस झाले. मशीनवर अजून सीचंच ड्रॉइंग लटकलेलं! नवा पोरगा त्याच्याखाली काम करतोय, माप त्याला तोंडी सांगितलंय म्हणून चाललंय. मी जुनं ड्रॉइंग ओढून काढलं, त्यावर लाल पेननं रद्द लिहिलं आणि घेऊन सरळ केबिनमध्ये गेलो. म्हणलं साहेब, डीची शिक्क्याची कॉपी द्या, मी आत्ता स्वतः लावतो. त्यांनी मोबाईल उचलला.

"थांबा, ग्रुपवर टाकतो."

मी तिथंच उभा राहिलो. कागद हातात घेतल्याशिवाय आज हलणार नाही म्हणलं. बस गेली. पाऊण तास लागला. कागद घेऊन मगच निघालो.