न्यूयॉर्क, वॉशिंग्टन की शिकागो? मार्केट यार्डामागच्या टपरीवर झालेलं भांडण

काल संध्याकाळी लातूरच्या मार्केट यार्डामागच्या टपरीवर आमचं जोरदार वाजलं. ऑक्टोबर चालू आहे, सोयाबीनची आवक लागलीये, निम्म्या लोकांच्या शर्टावर भुसा. आणि विषय निघाला काय तर अमेरिकेतलं कोणतं शहर जगाला सगळ्यात जास्त हलवतं.

इरफान बँकेत फॉरेक्सला, म्हणजे परकीय चलनाच्या कामाला आहे, तो म्हणाला यात चर्चा कसली, न्यूयॉर्क. युनो, वॉल स्ट्रीट हे पोरांनाही माहितीये, पण खरी गोम डॉलरची आहे. इथल्या व्यापाऱ्याने ब्राझीलला डॉलर पाठवले तरी ते फिरतात न्यूयॉर्कच्या बँकांमधल्या खात्यांतूनच. बीएनपी परिबा फ्रान्सची बँक, तिने व्यवहार केले अमेरिकेने निर्बंध घातलेल्या सुदान, इराण, क्युबाशी, पण डॉलर न्यूयॉर्कमधून गेले म्हणून 2014 ला अमेरिकेने तिच्याकडून जवळजवळ 900 कोटी डॉलर वसूल केले.

सर म्हणाले, अरे पण कायदा कुठं होतो? वॉशिंग्टनला. 1991 ला आपण सोनं गहाण टाकलं, कर्जासाठी गेलो ते आयएमएफकडे, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे, ती पण वॉशिंग्टनलाच, वर्ल्ड बँक तिथंच बाजूला. आयएमएफमध्ये मोठ्या निर्णयाला 85 टक्के मतं लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे 16 टक्क्यांच्या वर आहेत, म्हणजे ती नको म्हणाली की विषय संपला. बोलता बोलता सरांचा चहा गार झाला.

बाळ्या पुण्यात आयटीत असतो, त्याने सिलिकॉन व्हॅली लावून धरली. पण ते एक शहर नाही, पट्टा आहे, म्हणून सरांनी ते लगेच बाद केलं, मलाही ते पटलं.

मी म्हणालो शिकागो. तर सगळे असे बघायला लागले की काय याने भलतंच काढलं.

अरे, आपण सकाळी ॲग्रोवनमध्ये काय वाचतो? सीबॉटवर सोयाबीन इतके डॉलर प्रतिबुशेल (बुशेल म्हणजे तिकडचं धान्याचं माप). ते सीबॉट म्हणजे शिकागो बोर्ड ऑफ ट्रेड, 1848 चं. त्याच वर्षी कालवा झाला आणि मिशिगन तलाव मिसिसिपीच्या बाजूच्या नद्यांना जोडला गेला, मग रेल्वे आली, सगळ्या मुलखाचा गहू-मका शिकागोत ओतायला लागला. आता आपल्या सौद्यात बघा, प्रत्येकाचा ढीग वेगळा, खरेदीदार मूठ भरून वर करतो, दाणा दाताखाली फोडतो, मॉइश्चर बघतो आणि मग बोली. शिकागोने 1850 च्या दशकातच माल एलिव्हेटरमध्ये, म्हणजे धान्याच्या उंच कोठारात, एकत्र ओतायला सुरुवात केली, प्रत लावली आणि शेतकऱ्याच्या हातात पोत्याऐवजी पावती दिली. माल एका जागी पडून राहिला आणि पावती हातोहात फिरायला लागली, पुढच्या महिन्यांचे वायदे, म्हणजे माल पुढे द्यायचा पण भाव आजच ठरवायचा असे सौदे, त्यावरच उभे राहिले. ही अक्कल त्या शहराने जगाला दिली आणि ती मला यूनोच्या इमारतीपेक्षा मोठी वाटते. आणि 1 मे ला जगभर जो कामगार दिन पाळतात तो पण 1886 मध्ये शिकागोत आठ तासांच्या कामासाठी झालेल्या संपामुळेच.

इरफानने बरोबर दुखतं तिथं दाबलं. म्हणाला 2021 ला आपल्याकडे सोयाबीनचा दर क्विंटलला दहा हजाराच्या आसपास गेला होता, तो शिकागोने पाडला का? दिल्लीने 12 लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची) सोयापेंड बाहेरून आणायला परवानगी दिली आणि नवा माल यायच्या आत बाजार बसला. आणि सोयाबीन आता अमेरिकेपेक्षा ब्राझीलमध्ये जास्त पिकतं, मग तुझ्या शिकागोचं काय?

पहिलं खरं आहे, मी मान्य केलं. त्या वर्षी माल ठेवून बसलेल्यांचे चेहरे मी बघितलेत, त्यात शिकागोचा दोष काढता येणार नाही. पण ब्राझीलचं उलट आहे. माल ब्राझीलचा, गिऱ्हाईक चीन, वाटेत अमेरिका कुठंच नाही, तरी पारानाग्वा बंदरावरचा सौदा ठरतो कसा, तर शिकागोचा वायदा अधिक इतके सेंट किंवा उणे इतके सेंट. स्वतःच्या शिवारात न पिकलेल्या दाण्याचा भाव जे शहर ठरवतं त्याला छोटं कसं म्हणायचं?

सर म्हणाले वॉशिंग्टनने टॅरिफ, म्हणजे आयात शुल्क, लावला की तुझा शिकागो हलतो. हो, हलतो. पण वॉशिंग्टन आपल्या दारात येतं संकटात, न्यूयॉर्क येतं पैसे अडले की, आणि शिकागो रोज येतं, ज्याच्या घरात दहा पोती आहेत त्याच्याकडेही येतं.

यावर इरफान काहीतरी बोलणार तेवढ्यात सात वाजले, म्हणजे तिकडे सकाळचे साडेआठ, सीबॉटचं दिवसाचं सत्र उघडायची वेळ. बाळ्याचा फोन वाजला, गावाकडून त्याचे वडील होते. त्याने स्पीकरवर टाकला.

"बाळू, शिकागो कितीवर उघडलं रे? उद्या काटा करायचा का थांबायचं?"